खोलीत मी एकटीच बाई होते

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगचा फोन नंबर माझ्या मोबाइलमध्ये चार महिने ‘टेलर’ या नावाने सेव्ह केलेला होता. कुणी चुकून पाहिला तर कळू नये म्हणून. चार महिन्यांत मी तो एकदाही लावला नाही. मग एका रात्री मुलीने माझा ग्लास उचलला आणि विचारलं, “आई, तुझ्या पाण्याला असा वास का येतो?” ती अकरा वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आजपासून बंद.

हे जे मी केलं ते कुणीही करू नका, म्हणून आधी सांगते. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली की शरीर उलटतं. दुपारपर्यंत माझे हात इतके कापायला लागले की कुलपात किल्ली जाईना. घाम, मळमळ, छातीत धडधड. डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, त्यानंतर काहींना भास होतात, भ्रम होतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ठरावीक दिवसांची औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व दिलं, रोज तपासायला बोलावलं. शेवटच्या दिवशी म्हणाले, “शरीरातून दारू गेली. आता पुढचं माझ्या गोळ्यांनी होणार नाही, एखादा गट गाठा.”

तेव्हा ‘टेलर’ला फोन लावला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा नंबर होता तो, दारू सोडायला एकमेकांना साथ देणाऱ्यांच्या गटाचा. सगळे त्याला एए म्हणतात. मी प्रश्नांची यादीच काढून बसले होते. फी किती? फॉर्म भरावा लागतो का? खरं नाव सांगायचं का? पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “ताई, फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारणार नाही. दारू सोडायची इच्छा आहे ना? एवढंच लागतं.” ओपन मीटिंगला घरचं माणूसही बरोबर येऊ शकतं, क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी, हेही त्यांनीच समजावलं.

पहिल्या मीटिंगला बारा-तेरा पुरुष आणि मी. एकजण सुरुवातीचं निवेदन वाचत होता. त्याच्या हातातला कागद सारखा थरथरत होता, दुसऱ्या हाताने तो मनगट धरून ठेवत होता. माझं सगळं लक्ष त्या मनगटाकडे. बोलायची माझी वेळ आली तेव्हा “मी आज फक्त ऐकते” म्हणाले. “चालेल,” एवढंच उत्तर आलं. एकजण बोलला की दुसरा त्यावर काही बोलत नाही, सल्ला देत नाही. मला तर वर्षानुवर्षं फक्त सल्लेच मिळाले होते, त्यामुळे ती शांतता अंगावर आली.

पण बाहेर पडताना मनात एकच, मी यांच्यातली नाही. कुणी रस्त्यात पडला होता, कुणी बायकोला मारलं होतं, कुणाची नोकरी गेली होती. मी सगळं काम आवरून, मुलगी झोपल्यावर, स्वयंपाकघरात प्यायचे. दोन आठवडे गेलेच नाही. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा प्यायले.

फोनवरच्या त्याच गृहस्थांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “एका मीटिंगवरून ठरवू नका, पाच-सहा ठिकाणी बसून बघा.” आणि बायकांच्या ऑनलाइन मीटिंगची माहिती दिली. माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा सल्ला. तिथे मी कॅमेरा बंद ठेवून बसले होते. एकजण सांगत होती, पिण्यापेक्षा जास्त डोकं रिकामी बाटली कुठे टाकायची यात जायचं. ती टॉवेलात गुंडाळून पर्समध्ये घालायची, घरापासून लांबच्या कचराकुंडीत टाकायची. मी सुद्धा टॉवेलातच गुंडाळायचे. कॅमेरा सुरू केला आणि पहिल्यांदा म्हणाले, “मी अल्कोहोलिक आहे.”

त्याच ताई पुढे माझ्या स्पॉन्सर झाल्या. स्पॉन्सर म्हणजे आपल्या आधी सोडलेली आणि एएच्या बारा पायऱ्यांतून, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या टप्प्यांतून, आपल्याला सोबत नेणारी व्यक्ती. त्यांची ताकीद एकच: फोन पहिल्या घोटाच्या आधी करायचा, नंतर नाही. मला संकोच वाटायचा, रात्री अकराला कुणाची झोप मोडायची? तेव्हा त्यांनी एएची सुरुवात सांगितली. 1935 च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेलेला एक शेअर दलाल हॉटेलात एकटा होता. काही महिन्यांपूर्वीच सोडलेली दारू पुन्हा खुणावत होती. बारमध्ये जाण्याऐवजी त्याने फोन फिरवायला सुरुवात केली, बोलायला दुसरा दारुडा मिळावा म्हणून. त्यातून एका सर्जनची भेट झाली. त्या सर्जनने 10 जून 1935 ला शेवटची दारू घेतली आणि तोच एएचा स्थापना दिवस मानतात. ताई म्हणाल्या, “तू फोन केलास की माझीही रात्र निभावते.” त्यानंतर संकोच गेला.

त्या बारा पायऱ्यांत देवाचा, ‘उच्च शक्ती’चा उल्लेख येतो, तो मुद्दा मला बरेच दिवस अडला. ‘उच्च शक्ती’ म्हणजे ज्याला जे वाटेल ते, असं सांगतात. मी त्या गटालाच मानलं. तेही ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे, विचार आणि वागणूक बदलण्याच्या तंत्रांवर चालणारे गट आहेत. नवरा अल-अ‍ॅनॉनला जाऊ लागला, तो घरच्यांचा गट. तिथे गेल्यापासून त्याने कपाटं तपासणं सोडलं.

एक्केचाळिसाव्या दिवशी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायले. पुन्हा जाऊन “आज पहिला दिवस” म्हणणं पहिल्या मीटिंगपेक्षा जड गेलं. कुणी कारण विचारलं नाही.

आता चौदा महिने झाले. शनिवारी मी त्या पहिल्या खोलीतही जाते, बहुतेक वेळा अजून एकटीच बाई असते. घरी मुलगी अधूनमधून येता-जाता माझा ग्लास नाकाशी नेते आणि काही न बोलता परत ठेवते. मी तो तिच्या हाताशीच ठेवते.