काविळीचं पथ्य या मुलांना नका लावू

आमच्या लेकीला बिलिअरी अट्रेसिया आहे, म्हणजे लिव्हरमधून पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्याच बंद, म्हणून कावीळ. तान्ही असताना कसाई ऑपरेशन झालं (कसाई हे जपानी डॉक्टरांचं नाव, यात आतडं थेट लिव्हरला जोडतात) आणि तेव्हापासून लालबागच्या घरी जो येतो तो पथ्य सांगूनच जातो. तूप-तेल बंद करा, हळद नको, नुसतं उकडलेलं द्या, उसाचा रस पाजा, अमक्याकडून कावीळ उतरवून घ्या. मायेनेच सांगतात, पण हे पथ्य अशा मुलांना उपाशी मारतं हो!

खरं तर या मुलांना त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा २० ते ५० टक्के जास्त कॅलरी लागतात, कारण बरंचसं अन्न अंगाला लागतच नाही. पित्त नसलं की साधं तेल-तूप नीट पचत नाही, तसंच शीवाटे निघून जातं आणि त्याच्याबरोबर व्हिटॅमिन ए, डी, ई, केसुद्धा, मग हाडं ठिसूळ, हिरड्यांतून रक्त. म्हणून या व्हिटॅमिन्सचे ड्रॉप्स चुकवायचे नाहीत. एमसीटी तेल (मीडियम चेन ट्रायग्लिसराइड, म्हणजे लहान साखळीच्या फॅटचं तेल) मात्र पित्ताशिवाय शोषलं जातं. खोबरेल तेलात ते थोडं असतं पण तेवढ्यावर भागत नाही. आम्ही मऊ वरणभात कालवला की वरून चमचाभर एमसीटी घालतो, फोडणीला वापरत नाही कारण ते लगेच जळतं, आणि थोडं साधं तेलही ठेवतो, शरीराला लागणारी काही फॅटी ॲसिड्स एमसीटीत नसतात ना. डाळ, अंडं, दही तर हवंच. प्रोटीन आपल्या मनाने तोडायचं नाही, रक्तात अमोनिया वाढून गुंगी आली तर डॉक्टर काय ते ठरवतील.

वजनकाट्याच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. पोटात पाणी असलं, लिव्हर-प्लीहा वाढलेली असली की काटा छान आकडा दाखवतो आणि पोर आतून वाळत असतं. दंडात ते पाणी नसतं, म्हणून परळला आमच्या डाएटिशियन मॅडम आधी दंडाचा घेर टेपने मोजतात, कोपर आणि खांद्याच्या बरोबर मध्ये, मगच वजन बघतात. तुमच्याकडे मोजत नसतील तर मागून घ्या, खरंच.

पोट फुगल्यामुळे एका वेळी चार घासच जातात, मग दर दोन-अडीच तासांनी काहीतरी, आणि लिव्हरमध्ये साखरेचा साठा कमी म्हणून रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, झोपताना नाचणीचं सत्त्व ठरलेलं. काही महिने रात्री नाकातल्या नळीतून फीड दिलं, लोकलमध्ये बायका बघून हळहळायच्या, पण त्याच काळात तिचे दंड भरले, मला दुसरं काही नको होतं.

आणि भेटायला येणाऱ्यांनो, वेफर, पापड, फरसाण नका आणू, पोटात पाणी होतं म्हणून तिला मीठ कमी सांगितलंय. आणायचंच तर अंडी आणा, आणि आल्या आल्या आधी हात धुवा, इन्फेक्शन झालं की खाणंच बंद होतं तिचं.