तांब्याभर पाणी आणि पांढरा दोरा

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा पायांबद्दल कुणी बोलत नाही. "भानुदास एकनाथ"चा गजर चालू असतो, सगळं अंग त्यात असतं. पायांची बोलणी तिसऱ्या मुक्कामापासून सुरू होतात.

दिंडीतली औषधाची पेटी माझ्याकडे असते. संध्याकाळी पालात शिरलं की आधी पाय बघायचे, मग हरिपाठ. इतकी वर्षं पाय बघून एक समजलं, की माणूस कुठल्या रानातला आहे ते त्याच्या तळव्यावर दिसतं. परभणीकडची, काळ्या रानातली माणसं पाय उचलून टाकतात, कारण तिकडच्या चिखलात पाय ओढला की चप्पल तिथंच रुतून राहते. त्यांना फोड येतो तो चवड्याला. पाटोद्याकडची मुरमाड माळावरची माणसं पाऊल जमिनीलगत सरकवतात. त्यांच्या टाचा भेगाळलेल्या असतात, फोड मात्र क्वचित. नोकरीसाठी शहरात गेलेल्यांना फोड हमखास येतो, आणि तो टाचेच्या मागं, बुटाच्या काठाशी.

फोड नुसत्या उन्हानं येत नाही. ओल आणि घासणं एकत्र आलं की येतो. सकाळी भुरभुर पाऊस पडतो, पायमोजे भिजतात, कातडी मऊ पडते. दहाला ऊन निघतं. वरची कातडी बुटाला चिकटून राहते, आतला पाय पुढं सरकतो, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी साचतं. चढाला टाच घासते, उताराला पाय पुढं जाऊन बोटं ठेचतात. म्हणून उतार लागला की थांबून नाडी आवळायची. पायमोजे दुपारी बदलायचेच, भिजलेला जोड पिशवीवर अडकवून वाळवायचा. हे मी दरवर्षी शंभर जणांना सांगतो.

त्या दिवशी बालाघाटाच्या माळावर मी स्वतःच जोड बदलला नाही.

पेटी टेम्पोत होती आणि टेम्पो मुक्कामाला पुढं गेलेला. डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड, आत पाणी गच्च. प्रत्येक पावलाला कळ डोक्यापर्यंत जात होती. टाळकऱ्यांनी धरलेला अभंग कानावर पडत होता आणि मला तो नकोसा झाला होता. विठ्ठलाचं नाव नकोसं व्हावं, याचीच जास्त लाज वाटली. दिंडी पुढं गेली. मी एका पत्र्याच्या घरासमोर बाभळीखाली बसलो. तिथं रस्त्याकडेला एक बाई बादली आणि तांब्या घेऊन वारकऱ्यांना पाणी देत उभी होती. पासष्टीच्या आसपासची असेल.

"कामून बसलास लेकरा?"

टाच दाखवली. तिनं हात लावला नाही, आधी आत गेली. येताना साबणाची वडी, सुई, काड्यापेटी, पांढऱ्या दोऱ्याची रीळ आणि एक पितळी ताट आणलं. तांब्या एकच होता, आणि त्या एका तांब्यात तिनं जे केलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. पहिले चार घोट मला प्यायला. मग तिनं ताटावर हात धरून साबणानं धुतले. मग माझी टाच ताटावर घेऊन बारीक धार सोडली. ताटात साचलेलं पाणी दाराशेजारच्या लिंबाच्या रोपाला गेलं. तळाला घोटभर उरलं ते तिनं स्वतः प्यायलं. जमिनीवर थेंब सांडला नाही.

सुई काडीच्या ज्योतीवर धरली, गार होऊ दिली. दोरा पांढराच का, तर रंगीत दोऱ्याचा रंग आत उतरतो आणि आग होते. फोडाच्या खालच्या काठातून सुई आत, समोरच्या काठातून बाहेर, दोन्हीकडं बोटभर दोरा मोकळा. पाणी दोऱ्यावरून झिरपत राहतं, फोड पुन्हा फुगत नाही. "कातडी काढू नगं. ती हाय तवर आतलं झाकलेलं राहतं," एवढंच दोनदा बजावलं.

हे कुठं शिकलात, विचारलं. तिनं रस्त्यापलीकडं हात केला. पलीकडं पाझर तलावाचा बांध दिसत होता, तळ तडकलेला. १९७२च्या दुष्काळात तिची आई त्या कामावर होती आणि ही चौदा वर्षांची पोर खडी फोडायला बसायची. हातोड्यानं तळहाताला फोड यायचे. फोड घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागायचं, कारण हजेरी लागली तरच आठवड्याचा पगार आणि वर मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी. कामावरच्या बायका एकमेकींच्या हातांत रात्री दोरे ओवायच्या. पुढं लग्न झालं आणि ऊसतोडीचा कोयता हाती आला. दसरा झाला की टोळी निघायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पायाची बोटं फळीला कशी धरायची, ते तिनं मला उभं राहून दाखवलं. साठी ओलांडलेल्या बाईच्या पायाची बोटं हाताच्या बोटांसारखी वळत होती.

"तू टाच आपटतोस. पुढं वजन दे."

तिच्या दोऱ्याबद्दल एक सांगायलाच हवं. दोरा आत ठेवला तर त्याच्यावरून जंतू आत जाऊ शकतात, म्हणून डॉक्टर तसं करू नका म्हणतात, आणि ते बरोबर आहे. मी आता निर्जंतुक सुईनं खालच्या काठाला दोन छिद्रं पाडतो, स्वच्छ गॉजनं हलकं दाबून पाणी काढतो आणि पट्टी बांधतो. फोड लहान असेल तर फोडतच नाही. रक्ताचा फोडही फोडायचा नाही. ज्यांना साखर आहे त्यांच्या पायाला घरगुती उपाय अजिबात नको. त्यांना मुंग्या येऊन तळवा बधिर झालेला असतो, जखम चिघळली तरी कळत नाही. त्यांना वाहनात बसवून दवाखान्यात न्यायचं, रडले तरी. कातडी काढायची नाही, हे मात्र तिचंच खरं.

मुक्कामाला पोचलो तर पाण्याच्या टँकरचा कॉक कुणीतरी उघडा टाकून गेलेलं. पाणी चाकाखालून वाहून चिखल झालेला आणि चार पोरं त्यात चपला धुत होती. मी त्यांच्यावर ओरडलो, नको तेवढं ओरडलो. शंभर माणसांच्या दिंडीला नुसतं प्यायला दिवसाला पाचशे लिटर लागतं, त्या चिखलात किती गेलं असेल याचाच हिशेब डोक्यात चालला होता. हरिपाठाला बसलो तेव्हा आवाज बसला होता. काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या नाथांच्या वारीत आपण चालतो आहोत, हे शेवटच्या अभंगापर्यंत मनातून गेलं नाही.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळलेत. पाटोदा, परांडा. रिंगण झालं, घोडा धावला, पायाखालची माती कपाळाला लावली. दोरा मी तिसऱ्या दिवशी काढला. रात्री पालात झोपताना सगळ्यांचे फोन घरी लागायचे आणि प्रश्न एकच, पाऊस किती झाला. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय तिफण लावू नका असं कृषी खातं सांगतं, कारण काळी जमीन वरून ओली दिसली तरी खाली कोरडीच असते. बी उगवतं आणि आठ दिवसांत माना टाकतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी शेजाऱ्यानं पेरलं म्हटल्यावर रात्रभर झोप लागत नाही. आमच्या विणेकऱ्यांनी चालता चालताच निरोप धाडला, सोयाबीनची बॅग फोडू नका म्हणून. वीणा गळ्यात होती, फोन दुसऱ्यानं कानाला धरला होता.

कुर्डूच्या अलीकडं टाचेची जुनी कातडी आपोआप सुटली. खाली नवी, गुलाबी, टणक. करकंबला रात्री धो धो पाऊस आला, पालं उडाली, धान्याची पोती भिजली, आणि तरी कुणी कुरकुरलं नाही. सगळे भिजत उभे राहून आपापल्या गावी फोन लावत होते. बालाघाटावर पडला का, हे मला विचारायचं होतं. त्या माउलीचं नावही मी विचारलं नव्हतं.