गोलफरक नंतर, आधी आपसातला हिशोब

१७ जून २००७ च्या रात्री स्पॅनिश लीगचा अंतिम तक्ता असा होता. रियाल माद्रिद : ७६ गुण, ६६ गोल केले, ४० खाल्ले. बार्सिलोना : ७६ गुण, ७८ गोल केले, ३३ खाल्ले. गोलफरक रियालचा २६, बार्साचा ४५. आणि विजेते रियाल.

प्रीमियर लीग बघत वाढलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला ही छपाईची चूक वाटते. चूक काही नाही. स्पेनमध्ये गुण सारखे झाले की सगळ्यात आधी त्या दोन संघांच्या आपसातल्या दोन सामन्यांचं काय झालं ते बघतात. त्या मोसमात रियालने घरी २-० असा विजय मिळवला होता आणि बार्साच्या मैदानावर, कॅम्प नोऊवर, ३-३ अशी बरोबरी झाली होती. रियालचे आपसातले गुण ४, बार्साचा १. विषय तिथेच संपला. ४५ चा गोलफरक बघायची वेळच आली नाही. गंमत म्हणजे ती ३-३ ची लढत लोकांना आठवते ती १९ वर्षांच्या मेस्सीच्या हॅट्ट्रिकसाठी. त्याचा तिसरा गोल शेवटच्या मिनिटाला आला आणि बार्साला तेव्हा तो एक गुण अमूल्य वाटला होता. पण रियालने तिथे पराभव टाळला हीच खरी कमाई होती.

नियम पायरीपायरीने असा चालतो. दोनच संघ बरोबरीत असतील तर आधी आपसातल्या दोन सामन्यांचे गुण. तेही सारखे, तर त्या दोन सामन्यांतला गोलफरक. तोही सारखा, तर मग पूर्ण मोसमाचा गोलफरक, आणि त्यानंतर पूर्ण मोसमात केलेले गोल. परक्या मैदानावरच्या गोलला इथे जास्त किंमत नाही. घरी १-० जिंकलात आणि तिकडे ३-२ हरलात, तर तिकडे केलेले दोन गोल तुम्हाला वाचवत नाहीत. आपसातला फरक शून्य, चला पुढच्या पायरीवर. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो, कारण युरोपच्या बाद फेरीत वर्षानुवर्षं चाललेला जुना नियम डोक्यात पक्का बसलेला असतो.

दुसरा घोळ मोसम सुरू असतानाचा. दोन संघांचे आपसातले दोन्ही सामने होईपर्यंत हा नियम लागूच होत नाही, तोवर तक्ता एकूण गोलफरकावर लावतात. म्हणून डिसेंबरमध्ये वरती दिसणारा संघ एप्रिलमध्ये, तेवढ्याच गुणांवर, अचानक खाली गेलेला दिसतो. ॲप बिघडलेलं नसतं. मधल्या काळात परतीचा सामना झालेला असतो.

तीन किंवा जास्त संघ एकाच गुणसंख्येवर आले की त्या संघांपुरती एक छोटी लीग मांडतात. समजा अ, ब, क तिघांचे ४० गुण आहेत. अ ने ब ला १-० आणि क ला ४-० हरवलं, दोघांशी परतीच्या सामन्यात बरोबरी केली. ब ने क ला १-० हरवलं, क ने परतफेड २-० अशी केली. छोट्या लीगमध्ये अ चे ८ गुण, ब आणि क चे ४-४. अ पहिला, इथपर्यंत सरळ आहे. आता ब आणि क मध्ये छोट्या लीगचा गोलफरक बघायचा मोह होतो : ब चा उणे २, क चा उणे ३, म्हणजे ब वर. चूक! अ चा निकाल लागला की तो बाजूला होतो. उरले दोघं, म्हणून दोघांचा नियम पुन्हा पहिल्या पायरीपासून. त्यांच्या आपसातल्या सामन्यांत गुण ३-३, गोल क चे २, ब चा १. क वर. अ ने क ला चार गोलांनी धुतलं याचा इथे काही संबंध उरत नाही.

हे कागदावरचं गणित वाटत असेल तर २०१४-१५ चा तळ बघा. देपोर्तिवो, ग्रानाडा आणि एइबार, तिघांचे ३५ गुण. छोट्या लीगमध्ये एइबार मागे पडला आणि अठरावा आला, म्हणजे खालच्या विभागात गेला. तरी पुढच्या मोसमात तो पहिल्याच विभागात खेळला, कारण तेरावा आलेल्या एल्चेला थकलेल्या करापायी प्रशासकीय निर्णयाने खाली पाठवलं. मैदानावर गेलेली जागा एइबारला अशी हिशोबाच्या वहीतून परत मिळाली.

स्पॅनिश लोक या सगळ्याला ‘गोलाबेराखे’ म्हणतात. शब्द इंग्रजीतल्या गोल ॲव्हरेजवरून आला. पूर्वी खरोखर केलेल्या गोलना खाल्लेल्या गोलनी भागायचे. भागाकार गेला, शब्द राहिला. समालोचक ‘गोलाबेराखे जिंकला’ म्हणाला, की समजायचं आपसातला हिशोब या संघाच्या बाजूने लागला. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यात, तळाच्या दोन संघांच्या सामन्यात, १-० ने पुढे असलेला प्रशिक्षक ८५ व्या मिनिटाला बचावपटू काढून स्ट्रायकर आणतो. पहिला सामना तो ०-१ ने हरलेला असतो, त्याला २-० हवं असतं. आणि ०-१ ने मागे असलेला संघ बरोबरीसाठी धावत न सुटता चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढतो, कारण आधी तो २-० ने जिंकलाय आणि एका गोलचा पराभव त्याला चालतो. आधीचा निकाल माहीत नसेल तर ही शेवटची दहा मिनिटं वेडेपणाची वाटतात.

या नियमाची सगळ्यात सुंदर कथा माझ्या मते रियाल सोसिएदादची आहे. १९७९-८० च्या मोसमात हा सान सेबास्तियनचा संघ पहिले ३२ सामने हरला नाही. आधीच्या मोसमातले धरून ३८. मग शेवटून दुसऱ्या फेरीत सेवियाकडून २-१ असा पराभव झाला आणि लीग एका गुणाने रियाल माद्रिदकडे गेली. वर्षभरात एकच पराभव, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. पुढच्या वर्षी, २६ एप्रिल १९८१ ला, हिहोनमध्ये शेवटच्या क्षणी सोसिएदादच्या सामोराने गोल केला, २-२ झालं, आणि दोघांचे ४५ गुण झाले. गोलफरक रियाल माद्रिदचा सरस होता. पण सोसिएदादने घरी ३-१ जिंकून तिकडे फक्त ०-१ ने हार खाल्ली होती. लीग सान सेबास्तियनला गेली.

सोसिएदादचा ३८ सामन्यांचा तो विक्रम २०१८ पर्यंत टिकला. बार्सिलोनाने तो ४३ वर नेला. हा सिलसिला मोडला १३ मे २०१८ ला, मोसमाचा एकच सामना बाकी असताना, लेवांतेच्या मैदानावर ५-४ असा. रियाल माद्रिद ४२ पर्यंत पोचलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना ०-४ ने अडवणारा संघ बार्सिलोनाच होता.

१९९३-९४ चं देपोर्तिवो मात्र नियमाच्या दुसऱ्या बाजूला सापडलं. शेवटच्या दिवशी घरी व्हॅलेन्सियाविरुद्ध ०-०, अखेरच्या मिनिटाला पेनल्टी. नेहमी घेणारा दोनातो आधीच बदलून बाहेर गेलेला, म्हणून जुकिच पुढे आला आणि गोलरक्षकाने ती पकडली. देपोर्तिवो आणि बार्सिलोना दोघांचे ५६ गुण, आणि आपसात बार्सा ३-० व ०-१, म्हणून लीग बार्साला. त्याच मोसमात देपोर्तिवोचा गोलरक्षक लियान्यो याने ३८ सामन्यांत फक्त १८ गोल खाल्ले होते. तो आकडा ओब्लाकने २०१५-१६ मध्ये आणि टेर स्टेगनने २०२२-२३ मध्ये गाठला, मोडला कोणीच नाही. उत्तम गोलरक्षकाला मिळणाऱ्या सामोरा करंडकासाठी ‘सामन्यामागे खाल्लेले गोल’ हेच माप धरतात, आणि मोसमात किमान २८ सामने, प्रत्येकात किमान ६० मिनिटं खेळावी लागतात. (हा करंडक जुना गोलरक्षक रिकार्दो सामोरा याच्या नावाचा. हिहोनमध्ये गोल करणारा सामोरा वेगळा.)

आपल्याकडे हाच नियम एकदा मुंबईच्या कामी आलाय. इंडियन सुपर लीगमध्येही आधी आपसातले सामनेच बघतात. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण झाले, आणि मुंबईने दोन्ही सामने जिंकलेले असल्याने लीग शील्ड मुंबईला मिळाली. करोनामुळे तो अख्खा मोसम गोव्यात खेळला गेला, निर्णायक सामना बांबोळीला. मुंबईचा प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा स्पॅनिशच. त्याला हे गणित कोणी शिकवायची गरज नव्हती.

विक्रमांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना मोसमाची लांबी आणि विजयाचे गुण आधी तपासायचे. विजयाला तीन गुण स्पेनमध्ये १९९५-९६ पासून आले, त्याआधी दोन. तो मोसम आणि पुढचा मोसम २२ संघांचा, ४२ फेऱ्यांचा होता, कारण सेल्टा आणि सेवियाला कागदपत्रांवरून खाली ढकललं, लोक रस्त्यावर उतरले, आणि त्यांना परत घेताना जागा वाढवाव्या लागल्या. म्हणून रियाल माद्रिदचे १९९६-९७ चे ९२ गुण ४२ सामन्यांतले आहेत. १०० गुण दोनदाच झालेत : रियाल २०११-१२ (१२१ गोल) आणि बार्सा २०१२-१३ (११५ गोल). दोघांचेही ३२ विजय, ४ बरोबरी, २ पराभव. तळाचं टोक म्हणजे स्पोर्टिंग हिहोनचे १९९७-९८ मधले १३ गुण.

गोलांचंही तसंच. तेल्मो साराने १९५०-५१ मध्ये ३८ गोल केले ते ३० सामन्यांच्या मोसमात. ह्यूगो सान्चेसने १९८९-९० मध्ये ३८ गोल केले, तेव्हा फेऱ्या ३८ होत्या. पुढे २०११-१२ मध्ये मेस्सीने ५० केले, आणि ते कोणत्याही भागाकाराने अचाटच ठरतात. रोनाल्डोचे २०१०-११ चे गोल मात्र काही ठिकाणी ४०, काही ठिकाणी ४१ दिसतील. दोन्ही बरोबर. सोसिएदादविरुद्ध त्याची फ्रीकिक पेपेच्या पाठीला लागून आत गेली. लीगने तो गोल पेपेला दिला, मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला पिचिची पुरस्कार देणाऱ्या ‘मार्का’ दैनिकाने रोनाल्डोला. पिचिची हा वृत्तपत्राचा पुरस्कार आहे, त्यांची मोजणी त्यांची. वाद घालण्याआधी कोणाची मोजणी चाललीय एवढं विचारून घ्यावं.

आता पाठीवरचा क्रमांक. मुख्य संघाचे परवाने २५, म्हणून क्रमांक १ ते २५, आणि त्यात १, १३, २५ गोलरक्षकांचे. २६ च्या पुढचा क्रमांक दिसला की पोरगा राखीव किंवा युवा संघाच्या परवान्यावर खेळतोय. बार्साचा लामिन यामाल ४१ घालून उतरला, मग २७, मग १९. मैदानात कोणत्याही क्षणी मुख्य संघाच्या परवान्याचे किमान सात खेळाडू हवेत. दुखापतींनी संघ पोखरला असताना चार पोरं आधीच आत असतील, तर पाचवं पाठवण्याआधी बाकावरच्या मदतनिसाने मोजलंच पाहिजे, नाहीतर नियमबाह्य संघ उतरवला म्हणून सामना हातचा जातो. पिवळ्या कार्डांचं सोपं आहे : पाच झाली की एक सामना बाहेर, मग पुन्हा शून्यापासून. एकाच सामन्यात दोन पिवळी मिळून लाल झालं, तर ती दोन या पाचांत धरत नाहीत.

करार होणं आणि नोंदणी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बार्साचं घोडं दर उन्हाळ्यात इथेच अडतं. क्लबचं उत्पन्न घ्या, फुटबॉलबाहेरचा खर्च वजा करा, त्या वर्षी फेडायचं कर्ज वजा करा. उरेल ती संघखर्चाची मर्यादा. तिच्यात पगार येतात, शिवाय खरेदीची किंमत कराराच्या वर्षांत भागून येते : ५ कोटी युरोंचा खेळाडू पाच वर्षांसाठी घेतला तर वर्षाला १ कोटी, अधिक पगार. २०२१ मध्ये बार्साची मर्यादा ३४ कोटी ७० लाखांवरून सुमारे ९ कोटी ८० लाखांवर आली, आणि मेस्सी का गेला याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे. लांबच्या दुखापतीने कोणी बाहेर असेल तर त्याच्या पगाराचा मोठा भाग तात्पुरता वापरता येतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बार्साच्या दानी ओल्मोची नोंदणी सहकारी क्रिस्टेन्सनच्या दुखापतीवर अशीच झाली. पण ‘तात्पुरता’ हा शब्द खरा असतो : ती नोंदणी ३१ डिसेंबरला संपली, आणि ८ जानेवारीला सरकारी क्रीडा परिषदेने अंतरिम दिलासा देईपर्यंत ओल्मो अधांतरी होता.

शेवटी बढतीचा प्लेऑफ, कारण तिथला नियम सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो. खालच्या विभागातले पहिले दोन थेट वर येतात, तिसरा ते सहावा एका जागेसाठी दोन-दोन सामने खेळतात. दोन्ही मिळून बरोबरी राहिली तर जादा वेळ, आणि तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी शूटआउट नाही. मोसमात वरच्या क्रमांकावर आलेला संघ जातो. १७ जून २०२३ ला लेवांते (तिसरा) आणि अलावेस (चौथा) यांच्यात पहिला सामना ०-० आणि दुसऱ्यात १२० मिनिटं होऊनही ०-०. लेवांतेला फक्त वेळ संपायची वाट बघायची होती. हाताला चेंडू लागला, रेफरीने पडदा बघून पेनल्टी दिली, आणि १२९ व्या मिनिटाला अलावेसच्या वियालिब्रेने गोल केला.