तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोटबद्दलचं शिक्षण घ्यायला काय लागतं?

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट बघत उभी असले की हा प्रश्न येतोच. परवा शेजारच्या काकींनी विचारला. "तुजें तें रोबोटाचें शिकप, ताका कितें लागता गो? आमच्या चलयेक करपाचें आसा." गोवा सरकारने शाळांमध्ये सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आणल्यापासून तर सातवीतल्या मुलांचे बाबाही विचारू लागलेत. त्यांना मी सांगते, अजून दहा वर्षं आहेत, तोवर त्याला पोहायला शिकवा. काकींची मुलगी मात्र पणजीला मानसशास्त्रात बीए करते, शेवटच्या वर्षाला आहे. तिला खरं उत्तर द्यायला हवं होतं आणि फेरी यायला दहाच मिनिटं होती. तेव्हा जे राहून गेलं ते इथे लिहिते.

मी केलं ते ह्यूमन-रोबोट इंटरॅक्शन, म्हणजे माणूस आणि रोबोट समोरासमोर आल्यावर जे काही घडतं त्याचा अभ्यास. २०२४ च्या सुरुवातीला किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमणाऱ्या दृष्टी मरीनने मिरामारच्या किनाऱ्यावर 'ऑरस' नावाचा स्वतः फिरणारा रोबोट आणला, आठवतंय? पोहायला मनाई असलेल्या पट्ट्यात गस्त घालायची आणि भरतीच्या वेळी पर्यटकांना सावध करायचं, हे त्याचं काम. वाळूत त्याची चाकं रुतू नयेत हा रोबोटिक्सवाल्यांचा प्रश्न. घसा कोरडा होईपर्यंत शिट्टी फुंकणाऱ्या जीवरक्षकाला न जुमानणारा पर्यटक या यंत्राचं ऐकेल का, की त्याच्याबरोबर सेल्फी काढायला आणखी चार पावलं पाण्यात जाईल, हा आमचा.

आता अटी. पहिली गोष्ट, पदवीवर हे नाव छापलेलं क्वचितच सापडतं. रोबोटिक्स, ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, कॉग्निटिव्ह सायन्स अशा पाट्यांखाली ते दडलेलं असतं. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला 'रोबोटिक्स' नावाने मास्टर्स आहे, ट्वेंटेला 'इंटरॅक्शन टेक्नॉलॉजी' आहे. म्हणून अभ्यासक्रमाच्या नावावर न जाता तिथले प्राध्यापक काय प्रयोग करतात ते आधी वाचावं. रोबोटिक्सच्या पाटीखाली जायचं तर इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटरची पदवी, लिनियर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी, पायथन आणि थोडं सी प्लस प्लस (या प्रोग्रामिंगच्या भाषा) लागतं. आरओएस ही रोबोट चालवायची प्रणाली आधीच हाताळलेली असेल तर दुधात साखर. दुसऱ्या दोन पाट्यांखाली मानसशास्त्र, डिझाइन, भाषाशास्त्रवाल्यांनाही बऱ्याच ठिकाणी दार उघडं असतं, पण प्रोग्रामिंग येतं याचा काहीतरी पुरावा मागतात.

देशातच राहायचं असेल तर मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइनचं एम.डेस., म्हणजे डिझाइनचं मास्टर्स आहे. त्यासाठी सीड ही परीक्षा, आणि ती बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या कुठल्याही पदवीवर देता येते. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये (भारतीय विज्ञान संस्थेत) रोबोटिक्सचं एम.टेक. आहे, तिथे गेट ही परीक्षा.

कागदपत्रांचं फार काही सांगण्यासारखं नाही. गुणपत्रिका, दोन-तीन शिफारसपत्रं, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा (बहुतेक ठिकाणी ६.५ च्या आसपास), आणि एसओपी, म्हणजे हेच का शिकायचंय ते सांगणारं निवेदन. जीआरई ही परीक्षा युरोपात सहसा विचारत नाहीत. जर्मनीला जायचं तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना एपीएस, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात दाखवावे लागतात. हा आकडा अधूनमधून वाढतो. गोव्याच्या मुलांनी शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी आधी करावी, बँकेत नंतर जावं.

एसओपीवर मात्र थांबते, कारण माझा पहिला मसुदा भयंकर होता. 'लहानपणापासून मला रोबोटची आवड होती.' साफ खोटं. लहानपणी मला फक्त फेरीची आवड होती. तो कागद घेऊन मी एका संध्याकाळी फेरीवर चढले आणि वैतागून गाड्या चढवणाऱ्या खलाशाकडे बघत बसले. तो तोंडातून अक्षर काढत नव्हता. दोन बोटं वाकवली की स्कूटर पुढे, तळवा खाली दाबला की थांब. एका नवख्या रेंट-अ-कारवाल्याला त्याने आधी नजरेत पकडलं, तो आपल्याकडे बघतोय याची खात्री केली आणि मगच हात हलवला. रोजच्या गाडीवाल्यांच्या बाबतीत तो नजरेची भानगडही ठेवत नव्हता, नुसती हनुवटी. मी मेकॅनिकलची इंजिनिअर, चार वर्षं गिअर आणि बेअरिंग शिकलेली. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी मला हे शिकवलं नव्हतं. घरी येऊन लिहिलं की मला या माणसाचं काम यंत्राला शिकवायचं नाही, पण तो नवखा आणि रोजचा यांतला फरक कसा ओळखतो ते समजून घ्यायचंय. पुढे मुलाखतीत प्राध्यापिकाबाईंनी अर्धा तास त्या खलाशाबद्दलच विचारलं. गुणपत्रिकेचा विषय निघालाच नाही.

प्रवेश मिळाल्यावर जे लागतं ते वेगळंच, आणि ते कुणी विचारत नाही. संख्याशास्त्र! मला वाटलं होतं दिवसभर रोबोटचे स्क्रू पिळायचे. प्रत्यक्षात पहिलं सत्र प्रयोगाची आखणी शिकण्यात गेलं. सगळ्यांना आधी गप्प रोबोट भेटवला आणि मग बोलका, तर दुसरा का आवडला, बोलका म्हणून की तोवर भीड चेपली म्हणून? जत्रेत पहिल्या दुकानातलं खाजें भुकेल्या पोटी खाल्लेलं असतं, म्हणून तेच गोड लागतं. तेव्हा अर्ध्यांना उलट क्रमाने खायला घालायचं. एवढं साधं, पण पेपरात मी काठावर पास झाले.

प्रबंधासाठी माझ्याकडे नाओ नावाचा माणसासारखा दिसणारा रोबोट होता, ५८ सेंटीमीटर उंचीचा, फ्रेंच बनावटीचा, गुडघ्याच्या मोटरी तापल्या की खाली बसायचा. वृद्धांशी त्याने गप्पा मारायच्या. मारायच्या म्हणजे मी पडद्याआड लॅपटॉप घेऊन बसायचं आणि योग्य ते वाक्य दाबायचं. या पद्धतीला 'विझर्ड ऑफ ऑझ' म्हणतात. आमच्या गावात तिला प्रॉम्प्टर म्हणतात. देवळाच्या उत्सवातल्या मराठी नाटकाला माझे बाबा तीस वर्षं विंगेत पुस्तक घेऊन उभे असतात.

पहिल्याच दिवशी एका आजोबांनी नाओला काही विचारलं. मला वाक्य सापडायला चार-पाच सेकंद लागले. तेवढ्यात आजोबा पुढे वाकले आणि तोच प्रश्न मोठ्याने ओरडून विचारला. त्यांना वाटलं, रोबोटला कमी ऐकू येतं. रात्री बाबांना फोन केला. ते म्हणाले, "नट अडकल्यावर पुस्तकात बघशील तर उशीर झालाच. अडकणार हे मानेवरून कळतं. तोवर त्याला नुसतं 'हं' म्हणू दे." गंमत म्हणजे जपानी संशोधकांनी २००८ साली हेच मोजून दाखवलं होतं: रोबोटने दोन सेकंदांत काहीतरी बोलावं, वेळ लागणार असेल तर 'एत्तो' म्हणून जागा भरावी. मी नाओला डच लोकांचं 'एव्हन कैकन' शिकवलं, म्हणजे आपलं 'बघू हं'. त्यानंतर कुणी ओरडलं नाही.

पडद्याआड माणूस होता हे प्रयोगानंतर सांगावं लागतं. नैतिकता समितीच्या मंजुरीची अटच असते. (तो अर्ज भरण्यात जेवढे दिवस गेले तेवढ्यात प्रयोग दोनदा झाला असता.) एका आजींना सांगितलं तेव्हा त्या मिनिटभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे नवऱ्याबद्दल मी जे बोलले ते तू ऐकलंस." त्या दिवसापासून संमतिपत्रातलं ते वाक्य मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवू लागले.

काकींच्या मुलीला म्हणूनच सांगितलं, बीए आहे म्हणून घाबरू नकोस. संख्याशास्त्र आणि प्रयोगाची आखणी तू शिकतेच आहेस, मला ते परक्या देशात जाऊन रडत शिकावं लागलं. पायथन सहा महिन्यांत जमेल. फेरीत बसशील तेव्हा मोबाइल पिशवीत ठेव. आणि शिफारसपत्रं आताच माग. अर्ज ऑक्टोबरपासून उघडतात म्हणून तू सप्टेंबरमध्ये जाशील, आणि एकदा घराघरांत चतुर्थीची माटोळी बांधायला सुरुवात झाली की कुठलेही सर फोन उचलत नाहीत.