पंधरावी ओळ, सातवी ओळ

नंदुरबारला मिरचीचा हंगाम लागला की मिरची वाळवायच्या पथाऱ्या लालभडक होतात आणि आमच्या पेढीत दिवसभर ठसका. ओल्या मिरचीची आवक एक्सेलमध्ये चढायची आणि रात्री तेच सगळं जुन्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा हाताने. त्यात फाइल आत घ्यायची सोयच नाही. म्हणून मी ऑटोइटमध्ये, म्हणजे माउस-कीबोर्डची कामं आपोआप करून घ्यायच्या भाषेत, स्क्रिप्ट लिहिली: ओळ वाच, कर्सर रकान्यावर ने, क्लिक कर, टाइप कर.

कर्सर हलवणाऱ्या माउसमूव्हला तिसरा आकडा वेगाचा असतो. 0 दिला की कर्सर क्षणात पोचतो, 100 म्हणजे सगळ्यात सावकाश. मी 0 ठेवला होता. दिवाणजी म्हणाले, "माले दिखू दे भाऊ." मी 20 केला.

त्या दुपारी शेठनी गोण्यांचा रकाना वाढवायला सांगितला. घाईत पाच ओळींचं फंक्शन, म्हणजे स्क्रिप्टचा वेगळा छोटा तुकडा, लिहून गोण्यांचा आकडा 'एन' या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, ठेवला. दोन शेतकऱ्यांवर तपासलं. पहिल्याची 1 गोणी, दुसऱ्याच्या 2. चोख भरलं. मग खरी यादी लावली.

थोड्याच वेळात दिवाणजी खुर्चीतून पुढे झुकले. "हाई नाव परत उनं ना भाऊ!"

एस्केप दाबून स्क्रिप्ट थांबवली. दोनच शेतकरी आळीपाळीने येत होते, आणि दर फेरीला त्यांच्या नावावर माल वाढत होता.

मुख्य लूपमध्ये, म्हणजे एकामागून एक ओळ घेणाऱ्या भागात, ओळ मोजणारा आणि दर फेरीला एकाने वाढणारा व्हेरिएबलही 'एन'च होता, ग्लोबल, म्हणजे सगळ्या स्क्रिप्टला एकच. फंक्शनमध्ये मी 'लोकल', म्हणजे फक्त तिथल्यापुरता, असं लिहिलं नव्हतं, त्यामुळे ऑटोइटने नवा न करता तोच वापरला. खऱ्या यादीत पहिल्याच्या 14 गोण्या, म्हणून पुढची ओळ 15. तिथे 6 गोण्या, म्हणून ओळ 7. सातव्याच्याही 14, पुन्हा 15. तपासणीत ओळीचा नंबर आणि गोण्या योगायोगाने सारख्याच होत्या, म्हणून चूक दिसली नाही.

व्हेरिएबल जाहीर करायची सक्ती करणारा पर्याय मी लावला नव्हता. पण तो एकटा इथे कामाचाच नव्हता: ग्लोबल 'एन' जाहीर झालेला होताच, तक्रार कशाची येणार? म्हणून मुख्य लूपही एका फंक्शनमध्ये टाकला, तिथला 'एन' लोकल केला आणि मग सक्ती लावली. लगेच गोण्यांच्या फंक्शनवर एरर आली. तिथेही 'लोकल' लिहिलं, नावही 'गोणी' केलं.

जादा नोंदी आम्ही काटापावत्या हातात धरून एकेक काढल्या. दिवाणजी नाव वाचत, मी खोडत. वेग अजून 20 आहे.