मित्सुमिने : लांडग्याच्या राखणीतलं देऊळ

टोकियोच्या पश्चिमेला चिचिबूच्या डोंगरात, सुमारे ११०० मीटर उंचीवर मित्सुमिनेचं शिंतो, म्हणजे जपानच्या पारंपरिक धर्माचं, देवस्थान आहे. तिथली शक्ती जागृत आहे असं मानून अडलेले, आजारातून उठलेले, नुसतेच दमलेले लोक जपानभरातून येतात. मला ओढ होती ती तिथल्या लांडग्यांची.

सेइबु-चिचिबु स्टेशनवरून बस सव्वा तास वळणं घेत चढते. उतरून थोडं चाललं की तिहेरी तोरी, म्हणजे देवस्थानाची प्रवेशकमान, लागते. मधली कमान मोठी आणि तिला दोन्ही बाजूंनी जोडलेल्या दोन लहान. अशी तोरी जपानात मोजक्याच ठिकाणी दिसते. एरवी देवळापुढे सिंहासारखे कोमाइनु बसलेले असतात, इथे मात्र दगडी लांडगे. एकाजवळ मी बराच वेळ उभी होते. बरगड्या वर आलेल्या, सुळे बाहेर, पाठीवर शेवाळं. दाराशी असा भुकेला राखणदार मी कुठेच पाहिला नव्हता.

राजपुत्र यामातो ताकेरूला या डोंगरात लांडग्याने वाट दाखवली आणि त्याने इथे इझानागी-इझानामी या आद्य दांपत्याची स्थापना केली, अशी कथा सांगतात. मला त्याहून पटतं ते शेतकऱ्यांचं कारण. रानडुकरं आणि हरणं पिकं फस्त करायची, त्यांना आवर घालणारा लांडगाच. म्हणून लोक देवळातून लांडग्याची शक्ती वर्षभरासाठी घरी मागून न्यायचे, आग आणि चोरीपासून राखण व्हावी म्हणून. आजही नेतात. खुद्द जपानी लांडग्याची शेवटची खात्रीशीर नोंद मात्र १९०५ सालची, नारा प्रांतातली. जंगलातून तो गेला, घराची राखण अजून त्याच्याकडेच आहे! आपल्याकडे वारली लोक वाघोबाला पुजतात. भीती आणि माया एकत्र असलेली ती भक्ती मला इथे लगेच ओळखू आली.

१८०० साली बांधलेल्या प्रार्थनामंडपावर लाल, निळं, सोनेरी कोरीवकाम आहे. ओल्या फरशीवर २०१२ साली उमटलेला ड्रॅगनचा आकार बघायलाही गर्दी असते. मी रांग लावली ती पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना असलेल्या सुगी (जपानी देवदार) वृक्षांसाठी. वय सुमारे ८०० वर्षं मानतात. पुढच्या आजींनी खोल श्वास घेऊन दोन्ही तळवे बुंध्याला टेकवले आणि डोळे मिटले. माझी पाळी आली. हाताखालची साल गार, दमट होती. मागायचं ठरवलेलं काहीच आठवलं नाही आणि मन अगदी निवांत झालं. त्याला शक्ती म्हणायला माझी मुळीच हरकत नाही.

वेळ असेल तर दर्शनावर थांबू नका. म्योहोगाताके शिखरावर याच देवस्थानाचं आतलं देऊळ आहे. साधारण तासाभराची चढण, शेवटी साखळी धरून खडक चढायचा. अस्वलांचा वावर असतो, तेव्हा पिशवीला घंटी बांधा, बूट चांगले घाला आणि परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, कारण बस फार थोड्या आहेत.