क्षेम तागायत

रविवारच्या मोडी वर्गात मी सरावाचे कागद स्वतःच तयार करतो. अस्सल पत्राची झेरॉक्स पहिल्याच महिन्यात हातात दिली की निम्मा वर्ग गळतो. त्या दिवशी विषय घेतला होता निजामाविरुद्धच्या राक्षसभुवनच्या लढाईनंतर माधवराव पेशव्यांनी आईला, गोपिकाबाईंना, लिहावं तसं पत्र. मजकूर माझा, मायना मात्र पेशवाईतल्या रीतीचा: ‘तीर्थरूप मातुश्री वडिलांचे सेवेसी, अपत्ये माधवराव साष्टांग नमस्कार विनंती, येथील क्षेम तागायत छ...’ पुढे चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि शेवटी शुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं वर्ष.

वाचायची पाळी एका निवृत्त काकूंची होती. मोडीत शब्द तोडत नाहीत, त्यामुळे त्या बोटाने रेघ धरून अडखळत पुढे सरकत होत्या. सनाशी आल्या आणि म्हणाल्या, “अर्बा सबैन मया व अलफ.” मी यंत्रासारखी फळ्यावर बेरीज मांडली: 4, 70, 100, 1000. झाले 1174. इसवी सनासाठी त्यात 599 मिळवले, 1773.

मागच्या बाकावरून एक कॉलेजचा मुलगा बोलला, “सर, माधवराव तर 1772 मध्येच थेऊरला वारले ना?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण कान तापले. कागदावर ‘सितैन’ होतं, साठ. बोरू ओला असताना मीच ती वेलांटी भरून टाकली होती, आणि त कोणता, ब कोणता याचा पत्ता लागत नव्हता. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं.

खरा सन 1164, म्हणजे 1763. लढाई 10 ऑगस्टची. माधवराव अठरा वर्षांचे. त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणं लुटून जाळलं होतं. थोरले भाऊ विश्वासराव पानिपतावर पडून जेमतेम अडीच वर्षं झाली होती, वडील नानासाहेबही पानिपताच्याच साली गेले होते.

आणि 1773? त्या ऑगस्टात धाकट्या नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. माझ्या चुकीच्या बेरजेने त्या आईला नेमकं त्या साली, आधीच गेलेल्या मुलाचं पत्र पाठवलं होतं, ‘येथील क्षेम’ म्हणून.

काकू मात्र अजून मायन्यातच होत्या. “तागायत म्हणजे त्या दिवसापर्यंतच ना हो सर? कागद पोचेपर्यंतचं काय?”

इतकी वर्षं हा मायना शिकवतोय. ‘तागायत’चा अर्थ फळ्यावर लिहून पुढे जायचो. “पुढच्या पत्रात,” एवढंच म्हटलं, आणि फडक्याने 1773 पुसलं.

घरी येऊन कागद नव्याने लिहिला. या वेळी शाई वाळेपर्यंत थांबलो.